‘अनघाताई’मधली ‘ताई’ कधी गळून पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एक बाई आपली पहिली प्रेमकादंबरी लिहितायत. नायिका अनघा, वय बत्तीस, महिलांसाठी राखीव जागेवरून नुकतीच निवडून आलेली नगरसेविका. नायक विक्रम, विरोधी पक्षातल्या बड्या नेत्याचा मुलगा. कथा २०२३ च्या गणेशोत्सवात सुरू होते. चाळीस हजार शब्द झालेत. दोन मैत्रिणींना वाचायला दिलं, तर एक म्हणाली, ‘यातलं राजकारण काढून टाकलं तरी गोष्ट तशीच राहते.’ दुसरी म्हणाली, ‘राजकारणच इतकं आहे की प्रेम कुठे दिसत नाही.’ आता राजकारण वाढवायचं की कमी करायचं, आणि पक्षांची खरी नावं घालायची का, असं त्यांनी विचारलंय.

आधी माझ्याविषयी. मी सुरुवातीची अकरा वर्षं पुण्यात महापालिकेचं वार्तांकन केलं. त्यानंतर कादंबऱ्या लिहिल्या, ऑडिओ मालिका लिहिल्या, आणि गेली बरीच वर्षं प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचतेय. खाली जे सांगतेय ते या सगळ्या कामांतून आलेलं आहे.

तुमच्या दोन्ही मैत्रिणींचं म्हणणं उलटसुलट वाटतं, पण मला त्यात एकच दुखणं दिसतं. तुम्ही जोडलेला सारांश वाचला. अनघा आणि विक्रम भेटतात ते खडकवासल्याच्या चौपाटीवर, पानशेतच्या रस्त्यावर, पावसात अडकलेल्या गाडीत. राजकारण घडतं ते सभागृहात, पक्षाच्या कार्यालयात, विक्रमच्या वडिलांच्या बंगल्यावर. एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं. प्रेमाच्या प्रकरणातली ती दोघं हिंजवडीच्या एखाद्या कंपनीतली असती तरी चाललं असतं, आणि राजकारणाच्या प्रकरणात त्यांचं एकमेकांवर प्रेम असल्याचा मागमूस नाही. म्हणून पहिलीला राजकारण वरून चिकटवल्यासारखं वाटलं आणि दुसरीला प्रेम हरवल्यासारखं. मीठ कमी-जास्त करून हा पदार्थ सुधारणार नाही. एकाच प्रसंगात दोन्ही घडायला हवं, इतकं की वाचणारीला ते वेगळं काढता येऊ नये.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, हे मान्य करूनच पुढे जाते. ऑडिओ मालिकेसाठी लिहीत असाल तर लांब बैठका कानाला सोसत नाहीत, आणि दर भाग ओढ लावून थांबावा लागतो. छापील कादंबरीत वाचक थोडा धीर धरतो. ज्यांच्या घरात कुणी निवडून आलेलं असतं त्यांना मी उलटा सल्ला देते, माहिती कमी करा म्हणून. तुमचा राजकारणाशी संबंध मतदानापुरताच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुम्हाला मी तपशिलाकडे ढकलतेय.

आता मुद्द्याचं. तुमच्या सारांशात विक्रम पहिल्या भेटीपासून तिला ‘अनघा’ म्हणतो. सगळं तिथेच निसटतं. आपल्याकडे राजकारणात उतरलेली बाई पहिल्या दिवशी सगळ्यांची ताई होते. फ्लेक्सवर ताई, निमंत्रणपत्रिकेत ताई. साठीतला मंडळाचा अध्यक्ष ताई म्हणतो, आरोग्य कोठीवरचा, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणचा, मुकादम ताई म्हणतो, आणि विरोधी पक्षाचा गटनेता भर सभागृहात तिच्यावर तुटून पडतो तेही ‘आमच्या ताईंना कदाचित माहीत नसेल’ असं म्हणत. पुरुष असेच दादा, भाऊ, अण्णा, आप्पा होतात. हे नात्याचं कवच आहे. रात्री अकराच्या बैठकीत, शे-दीडशे पुरुषांच्या गर्दीत, कुणाच्याही गाडीत बाईला निर्धास्त बसता यावं म्हणून आपल्या माणसांनी शोधलेली ती वाट आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण विचार करा, जो माणूस तिच्या प्रेमात पडतोय त्यालाही चारचौघांत तिला ताईच म्हणावं लागतं. जिभेवर बहिणीची हाक, मनात दुसरंच काही. प्रेमकथा लिहिणारीला आपल्या भाषेने याहून मोठं काय द्यावं?

म्हणून कथेचा आराखडा करण्याआधी संबोधनांचा आराखडा करा. सुरुवातीला तो ‘अनघाताई’ म्हणेल, ती ‘विक्रमभाऊ’ म्हणेल. मग एक दिवस तो ‘मॅडम’ म्हणेल आणि तिला ते खटकेल, कारण मॅडम म्हणजे अधिकारी, परकी. मग काही आठवडे तो तिला हाकच मारणार नाही. ‘त्या फाइलचं काय झालं?’ ‘निघायचं का?’ मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं, त्याचा हा माणूस पुरेपूर फायदा घेईल. ही चुकवाचुकवी सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येईल? मला वाटतं, तिच्या आईच्या. ‘हा हल्ली तुला ताई म्हणत नाही गं,’ एवढं ती मेथी निवडता निवडता बोलली की तुमचं एक प्रकरण संपलं. आणि तो नुसतं ‘अनघा’ म्हणेल त्या क्षणासाठी वाचकाला निम्मी कादंबरी थांबवा. ‘तुम्ही’चं ‘तू’ त्याच्याही नंतर. ते आधी कोण म्हणेल हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे, कारण जो आधी म्हणेल त्याने आधी धोका पत्करलेला असेल.

याच धाग्यातला एक प्रसंग सुचवते. राखीपौर्णिमेला बऱ्याच नगरसेविका जाहीर कार्यक्रम घेतात. पोलीस, सफाई कामगार, अधिकारी, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, सगळ्यांना राखी बांधतात. प्रभागातल्या कार्यक्रमाला विक्रमला बोलावणं असणारच. तो व्यासपीठावर बसलाय, अनघा तबक घेऊन ओळीने पुढे येतेय, फोटोग्राफर तयार आहे. तिच्या हातून राखी बांधून घेतली तर आयुष्यभराचं उत्तर मिळालं. उठून गेला तर शंभर लोकांना दिसलं. तो फोन आल्याचं निमित्त करून उठतो, आणि ती रिकाम्या खुर्चीपाशी पोचते तेव्हा तिला कळतं. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललेलं नाही. उद्या वर्तमानपत्रात ‘विरोधी नेत्याच्या मुलाची कार्यक्रमाकडे पाठ’ अशी बातमी येईल, आणि तिला एकटीलाच त्या बातमीचा खरा अर्थ माहीत असेल. हा प्रसंग प्रेमाचा की राजकारणाचा, सांगता येईल का तुम्हाला?

दुसरी गोष्ट एकांताची. खडकवासल्याची चौपाटी मला खोटी वाटली, कारण निवडून आलेल्या बाईला पुण्यात अशी जागा उरत नाही. वेताळ टेकडीवर पहाटे जावं तर फिरायला आलेले काका ड्रेनेजची तक्रार घेऊन थांबवतात. हॉटेलात बसावं तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोन तिरका धरलेला असतो. तिचा स्वतःचा फोनसुद्धा दिवसभर तिच्या हातात नसतो, तो पीएकडे असतो. विक्रमचा मेसेज आधी पीए वाचेल. म्हणजे त्याला असा मेसेज लिहावा लागेल जो पीएला कामाचा वाटेल आणि तिला कळेल. वार्तांकन करत असताना मी एक जोडपं जवळून पाहिलंय. ते कोण होतं हे मी कधीच सांगणार नाही, पण ते पाण्याच्या टँकरच्या वेळा कळवायच्या भाषेत एकमेकांशी बोलायचे, हे मी विसरलेले नाही.

मग ही दोघं भेटतील कुठे? जिथे त्यांना जावंच लागतं तिथे. राजकारणातला माणूस लग्नाला गेला नाही तरी एक वेळ चालतं, दहाव्याला गेला नाही तर घराणं विसरत नाही. सकाळी आठला वैकुंठ स्मशानभूमीत किंवा ओंकारेश्वरापाशी दोन वेगळ्या पक्षांची दोन माणसं शेजारी उभी राहिली तर कुणाला काही वाटत नाही. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा भवानी पेठेत आणि नाना पेठेत मंडपामंडपांतून सगळे पक्ष वारकऱ्यांच्या सेवेला असतात. तिथे रात्री दोन वाजता पोह्यांच्या पातेल्यापाशी झालेलं बोलणं कुणाच्या कानावर पडत नाही. आणि लग्नसराई घ्या. एका संध्याकाळी सात-आठ मांडव. प्रत्येक ठिकाणी माइकवरून नाव पुकारलं जातं, ‘वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी अनघाताई उपस्थित आहेत.’ ती रोज दुसऱ्यांच्या डोक्यावर अक्षता टाकतेय आणि चौथ्या मांडवात समोरच्या रांगेत तो हातात अक्षता घेऊन उभा आहे. माझ्या मते एवढ्या दृश्यासाठीसुद्धा ही कादंबरी लिहायला हवी.

आता तुमच्या २०२३ कडे येते, कारण ही चूक छापली गेली तर पुण्यातला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. पुणे महापालिकेची फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेली सभा १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून कारभार प्रशासकाच्या हाती गेला. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, न्यायालयातल्या तारखा यांत निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे २०२३ च्या गणेशोत्सवात पुण्यात एकही विद्यमान नगरसेविका नव्हती. सगळ्या माजी होत्या, किंवा इच्छुक.

हे वाचून खचू नका, कारण चुकून तुम्ही सगळ्यांत चांगल्या जागी पाऊल ठेवलंय. जवळपास चार वर्षं शहरात निवडून आलेलं कुणीच नाही, पण तक्रारी येतच आहेत, लोक ताईंच्याच दारात उभे आहेत, आणि ताईंच्या सहीला वजन उरलेलं नाही. दर तीन महिन्यांनी आवई उठते की आता जाहीर होणार. कार्यालयाचं भाडं चालू, पोरांच्या चहा-नाश्त्याचा खर्च चालू, दहीहंडी आणि गुणगौरव समारंभ चालू. फलकावर नावाआधीचं ‘मा.’ तसंच ठेवलेलं, वाचणाऱ्याने माननीय वाचावं की माजी हे त्याच्यावर सोपवलेलं. अशा वेळी एक पुरुष आणि एक बाई एकमेकांना म्हणतात, ‘निवडणूक झाली की घरी सांगू.’ आणि निवडणूक होतच नाही. सहा महिने जातात, वर्ष जातं, दोन जातात. तिची पस्तिशी जवळ येते. घरचे स्थळं आणतात. तारीख न्यायालयात पुढे ढकलली की यांचं लग्नही पुढे ढकललं जातं. मी महापालिकेच्या इतक्या बातम्या लिहिल्या, पण इतकी विरहाची गोष्ट मला कधी सापडली नव्हती. ती तुमच्या हातात आपोआप आलीय, सोडू नका.

दुसरा बदल सुचवते तो विक्रमविषयी. बड्या नेत्याचा मुलगा या पात्रात मला फारसं बळ दिसत नाही. त्याच्या अडचणी वडिलांच्या अडचणी आहेत, त्याच्या स्वतःच्या नाहीत. त्याला त्याच प्रभागातून निवडून आणा. २०१७ ला पुण्यात १६२ जागा होत्या, ४१ प्रभाग, आणि बहुतेक प्रभागांत चार जण. मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं देतो, आणि ती वेगवेगळ्या पक्षांना देऊ शकतो. त्यामुळे अनघा ‘ब’ जागेवर एका पक्षाकडून आणि विक्रम ‘ड’ जागेवर दुसऱ्या पक्षाकडून निवडून येणं अगदी शक्य आहे. मग पाच वर्षं एकच प्रभाग, तेच रस्ते, तेच मतदार. एकाच कामाचे दोन नारळ, दोन फलक, श्रेयासाठी भांडणं. भांडायलाही रोज भेटावं लागतं, हे त्यातलं मोठं सुख.

या भांडणांना खरं कधी करायचं? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. अनघा आणि विक्रमचा प्रभाग ओढ्याकाठचा ठेवलात तर त्या रात्री दोघं कमरेएवढ्या पाण्यात एकत्र असतील. पण इथे एक विनंती करते. ज्यांच्या घरातलं माणूस त्या रात्री गेलं ती कुटुंबं याच शहरात राहतात. त्या रात्रीत प्रेमाचा संवाद घालू नका, कुणाचा हात कुणाच्या हातात देऊ नका. पहाटे चिखलात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला अनघा शब्द देते की ओढ्याची सीमाभिंत बांधून घेईन. विक्रम तिथे उभा आहे आणि ऐकतोय. बस एवढंच.

कारण माझ्या मते तुमच्या कादंबरीचा कणा हाच आहे, शब्द. राजकारणातले लोक दिवसातून किती वेळा हा शब्द उच्चारतात ते एकदा ऐका. ‘मी शब्द दिलाय.’ ‘साहेबांचा शब्द आहे.’ ‘शब्द टाकून बघतो.’ ‘त्याने शब्द फिरवला.’ ‘गडी शब्दाला जागला.’ कागदावर काही नसतं, सगळं यावर चालतं. आणि प्रेमातही माणूस माणसाला शेवटी हेच देतो. तेव्हा अनघाने कुणाकुणाला काय शब्द दिलाय याची यादी स्वतःसाठी लिहून काढा. ओढ्याकाठच्या बाईला, पक्षाच्या शहराध्यक्षांना, आईला, विक्रमला. विक्रमचीही काढा. मग दोन शब्द एकाच दिवशी पाळता येणार नाहीत असा दिवस शोधा. सीमाभिंतीच्या प्रस्तावावर तिच्या पक्षाने विरोधात मत द्यायचा व्हिप, म्हणजे पक्षादेश, काढलाय असं समजा. स्थानिक संस्थांमधल्या सदस्यांच्या पक्षांतराविषयी १९८६ चा राज्याचा कायदा आहे, त्यात व्हिप मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. प्रस्ताव मांडणारा विक्रम आहे. तिने हात वर केला तर लोक म्हणतील प्रेमापायी केला. नाही केला तर म्हातारीला दिलेला शब्द मोडला. तिने हात वर करावा हे विक्रमला हवंय, पण ते मागण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे त्याला ठरवायचंय. अशा वेळी तो तिला काय मेसेज करेल? पीए वाचतोय हे ध्यानात ठेवा.

आतापर्यंतचं एकदा गोळा करते. कथा २०१७ ते २०२६ पसरवा, दोघांना एकाच प्रभागातून आणा, हाकांची वाट आधी आखा, आणि दिलेल्या शब्दांची यादी भिंतीवर लावा. माझं मन विचाराल तर सुरुवात १४ मार्च २०२२ च्या संध्याकाळी करा, तिची मुदत संपते तेव्हा. मागचं सगळं आठवणींतून येऊ दे.

कायद्याचे कागद प्रेमकथेत रुक्ष वाटतील अशी भीती बऱ्याच लेखकांना असते. मला ते कागद फार जिवंत वाटतात. उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता लिहावी लागते. समजा या दोघांनी २०२४ मध्ये गुपचूप नोंदणी करून लग्न केलं. डिसेंबर २०२५ मध्ये अर्ज भरताना जोडीदाराचा रकाना समोर येतो. ‘लागू नाही’ लिहिलं तर खोटं प्रतिज्ञापत्र. नाव लिहिलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळलं. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ती अधिकृत उमेदवार असल्याचं पत्र, अजून हातात आलेला नाही, वेळ दुपारी तीनपर्यंतची. वकील पेन पुढे करतोय. ती लिहिते ते नाव म्हणजेच तिचं प्रेम जाहीर करणं. फुलं नकोत, पाऊस नको.

ही दोघं वेगळ्या धर्मांची असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागेल. त्यात लग्नाच्या इराद्याची नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहतात. निवडून आलेल्या माणसासाठी ते ३० दिवस काय असतील, कल्पना करा. वेगळ्या जातींची असतील तर आणखी एक गाठ आहे, तिच्याकडे लेखक सहसा बघत नाहीत. आरक्षणासाठी बाईची जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. प्रभाग कुठल्या प्रवर्गाला जाणार हे जाहीर सोडतीत ठरतं, शाळेतली मुलं चिठ्ठ्या काढतात. त्या चिठ्ठीने विक्रमची जागा गेली आणि अनघाची राहिली, तर? किंवा उलट? ज्याची जागा गेली त्याच्या कार्यकर्त्यांना कालपर्यंत विरोधी असलेल्या माणसाशी नातं जोडणं एकाएकी सोयीचं वाटायला लागेल. यांचं प्रेम तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना हवंसं होईल, आणि दोघांना त्याचीच शिसारी येईल. एवढी एक घटना तुमच्या तिसऱ्या भागाला पुरेल.

आता ज्याविषयी मला सगळ्यांत तळमळीने सांगायचंय ते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत. मी वार्तांकन करत असताना कितीतरी प्रभागांत बाई निवडून यायची आणि कारभार नवरा बघायचा. कार्यालयातल्या मोठ्या खुर्चीत तो, बाजूच्या खुर्चीत ती. अधिकाऱ्याला फोन तो करायचा, ‘मिसेस नगरसेविका आहेत’ असं सांगून. काही बायका दोन-तीन वर्षांत ती खुर्ची परत घ्यायच्या, आणि ते बघणं हा माझ्या कामातला सर्वांत मोठा आनंद होता. म्हणून अनघासारख्या, एकटीने निवडून आलेल्या बाईला लग्नाची भीती वेगळी असते. लग्न केलं तर उद्यापासून लोक माझ्याऐवजी याला फोन करतील का? हा माझ्या खुर्चीत बसेल का? विक्रम तर स्वतः राजकारणातला, त्याला सगळं येतं, तिच्याहून जास्त ओळखी आहेत. तो मदतच करायला जाईल आणि तीच मदत तिला मिटवून टाकेल.

तेव्हा विक्रमची परीक्षा गुंडांशी मारामारीत घेऊ नका. ती अशी घ्या. कोजागरीची रात्र, अनघा गच्चीवर लोकांत आहे, तिचा फोन टेबलावर वाजतोय. पाणीपुरवठ्याचा अभियंता आहे. विक्रमला प्रश्न माहीत आहे, उत्तर माहीत आहे, एका मिनिटात काम होईल. तो फोन उचलत नाही. फोन घेऊन जिने चढून वर जातो आणि तिच्या हातात देतो. माझ्या दृष्टीने हा तुमचा नायक.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी शेवटी नायिकेला राजीनामा द्यायला लावला होता. प्रेमासाठी पद सोडलं, मोठं वाटावं म्हणून. प्रकाशनानंतर काही महिन्यांनी एका कार्यक्रमात एक माजी नगरसेविका मला भेटल्या. त्यांनी पुस्तक आवडीने वाचलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तिनेच का सोडायचं? मी किती उन्हातान्हात फिरून निवडून आले होते, माहितीये?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी ते शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं आणि मला दिसलं की मी तिची पंधरा वर्षांची मेहनत एका आलिंगनासाठी वापरून टाकली होती. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मी तो शेवट बदलला. वाचकांना सुखाचा शेवट हवा असतो आणि त्यात काही गैर नाही, प्रेमकादंबरीकडून ती अपेक्षा रास्तच आहे. पण किंमत दोघांनी मोजली पाहिजे, आणि ती मोजलेली दिसली पाहिजे. दोघांनी पद राखलं तर दोघांनी आणखी काहीतरी गमावलेलं असू दे, घरचं माणूस, पक्षातली जागा, एखादा जुना मित्र.

पक्षांच्या नावांचं सोपं आहे. खरी नावं घालू नका. ओळखू येतील अशी मोडतोड केलेली नावंही घालू नका, तीही अंगाशी येतात. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि कादंबरी आहे म्हटल्याने सुटका होतेच असं नाही. त्याहून मोठं कारण असं की खरं नाव दिसताच वाचक आपलं मत घेऊन पुस्तकात शिरतो, आणि अनघाकडे बघायचं सोडून पक्षाकडे बघतो. तुम्हाला नाव लागणारच नाही. कार्यकर्ते आपसांत बोलतात तेव्हा नुसतं ‘पक्ष’ म्हणतात, ‘आपल्याकडे’ आणि ‘त्यांच्याकडे’ म्हणतात. तेवढ्यावर चारशे पानं निघतात. शहर मात्र खरं ठेवा. पेठ, पूल, चौक, टेकडी, सगळं नावानिशी येऊ दे. पुण्यातले पत्रकार नगरसेवकांना ‘माननीय’ म्हणतात, तेही येऊ दे. आणि जमलं तर एखाद्या जनसंपर्क कार्यालयात सकाळी नऊला जाऊन दोन तास नुसतं बसा. कुणी हाकलत नाही, चहा मिळतो. कोण कुणाला काय हाक मारतं ते लिहून घ्या.

शेवटच्या प्रकरणासाठी एक तारीख तुमच्याकडे तयार आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारी २०२६ ला, संक्रांत होती. जाहीर प्रचार थांबलेला, भोंगे बंद, रिक्षा उभ्या, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिला करायला काही नाही. तो तिच्या दारात येतो, तिळगूळ घेऊन. घरात आई आहे, दोन कार्यकर्त्या मतदारांच्या स्लिपा लावत बसल्यात. चारचौघांत तो तिला काय हाक मारेल, तेवढं ठरवा. ते वाक्य सापडलं की मगच मागे वळा आणि पहिलं प्रकरण नव्याने लिहायला घ्या. तुमचे चाळीस हजार शब्द फुकट गेलेले नाहीत, पण त्यातलं खडकवासल्याचं प्रकरण मी आजच बाजूला काढून ठेवीन.